बसलेली गावकी

१९८७ साल. देशभरातल्या शाळांसाठी भूगोलाचा नवा अभ्यासक्रम ठरत होता आणि सरकारला म्हणे लोकांचं मत हवं होतं. वाशीच्या एका शाळेत सभा भरली. मत द्यायला करावे गावची माणसं आली, मत घ्यायला मसुदा घेऊन सामंतसाहेब आले.

मसुद्यात या खाडीकाठाविषयी एकच वाक्य होतं : 'पूर्वी येथे निर्जन, पडीक दलदल होती, नियोजनामुळे शहर उभे राहिले.'

निर्जन! उधाणात फुटलेला बांध बुजवताना करावेच्या म्हाताऱ्या बयाबाईचा नवरा जिथे गाडला गेला, ती जागा निर्जन. जिथे भात पिकलं, मीठ पिकलं, ती जमीन पडीक. जमीन सरकारने घेतलीच होती, आता ते माणसंही पुसायला निघालं होतं. आणि हे वाक्य बयाबाईच्या नातवंडांना शिकवायचं कुणी? तिच्याच पुतण्याने, नामदेव मास्तरने.

नामदेवने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोणाचा आक्षेप?" सामंतांनी विचारलं.

कोणी बोललं नाही.

"छान. एकमताने मंजूर." त्यांनी फाइल मिटली.

करावेच्या गावकीत ज्याला पटलं तो उठून घरी जातो. ज्याला पटलं नाही तो गप्प बसून राहतो, आणि तो बसलाय तोवर सभा मोडत नाही. हे साहेबाला ठाऊक नव्हतं. साहेबाची रीत गावाला ठाऊक नव्हती.

खुर्च्यांवरची, नव्या शहरातली सोसायटीवाली माणसं उठून चहाला गेली. सतरंजीवरचं, करावेचं एकही माणूस हललं नाही. पार दारापर्यंत माणसं बसली होती.

"मास्तर, यांना सांगा, मीटिंग संपली."

"तुमची संपली आसंल," बयाबाई म्हणाली. "आमी बसलोय."

"आजी, बोलायचं तेव्हा तुम्ही गप्प होतात!"

"गप म्हंजे कबूल? तुमच्यात पोरगी गप बसली का लगीन लावून टाकतात काय?"

सतरंजी खदखदून हसली. सामंतांचे कान लाल झाले. ते नामदेवजवळ आले.

"तुम्ही नोकरीत आहात. यांना उठवा. नाहीतर मी याला घेराव समजेन. पोलीस बोलवीन आणि तुमच्या नावाने रिपोर्ट पाठवीन."

पोलीस म्हटल्यावर हसू विझलं. तीन वर्षांपूर्वी उरणला जमिनीसाठी माणसं गोळ्या खाऊन पडली होती. कोणी विसरलं नव्हतं.

"नामदेवा, तू जा बाबा," बयाबाई म्हणाली. "तुला पोरा हायेत. घरात तुजाच पगार."

नामदेवने चपला काढल्या आणि तिच्या शेजारी मांडी घातली.

सामंत ताडताड दाराकडे निघाले. बाहेर पडायचं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मांड्या ओलांडायच्या. त्यांनी एक पाय उचलला. कोणी सरकलं नाही. शिवीही दिली नाही. नुसते बघत राहिले.

पाय खाली आला. ते टेबलाकडे परतले, फाइल उघडली.

"काय हवंय तुम्हाला?"

"'निर्जन' खोडा," नामदेव म्हणाला.

रेघ ओढली.

"पडीक राह्यलं," बयाबाई म्हणाली.

दुसरी रेघ. बयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. तिच्यामागे सगळी सतरंजी हलली.

"मास्तर, तुमचा रिपोर्ट मात्र जाणार," सामंत म्हणाले.

अर्धी उठलेली बयाबाई पुन्हा खाली बसली. मागची सगळी बसली.