पेटी कोणाची?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझा मुक्काम सध्या कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत असतो. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू इथे ठेवतात. माझ्या एका बाजूला कुऱ्हाड आहे, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी चोरीच्या मोटारसायकलचं हँडल. उंदीर आम्हा सगळ्यांवर सारखेच फिरतात. या शेजाराची माझी काही तक्रार नाही. मला किळस येते ती माझ्याच पोटातल्या वासाची. तो वास तिथे कसा आला, तेवढं ऐका.

मला कंधारच्या जिलानीचाचांनी घडवलं. किल्लारीकडचा भूकंप नुकताच होऊन गेला होता. तिकडच्या गावांतून माहेरी आलेल्या बायका चाचांच्या दुकानात पेट्या करून घ्यायच्या आणि प्रत्येकीचं मागणं एकच असायचं, तळाला चोरकप्पा पाहिजे. त्याचं कारण सांगताना मला आजही शिसारी येते. माणसं दगडमातीखाली गाडली गेली होती, आणि मदतीला आलेल्या भल्या लोकांच्या गर्दीत मिसळून काही जण ढिगाऱ्यातले डागदागिने शोधत फिरत होते. वाचलेल्यांना बिनकुलपाच्या शेडमध्ये राहायचं होतं. पत्र्याच्या पेटीला चोरकप्पा करून घ्यायची पद्धत आमच्याकडे पडली ती अशी.

तारामती त्या बायकांतलीच एक. सासरचं घर पडलं तेव्हा तिची पहिली लेक गेली. ती अजून धड चालायलाही लागली नव्हती. तारामती चाचांना एवढंच म्हणाली, "चाचा, कुणाच्या नजरंला पडू नये असं करा." चाचांनी तळावर दुसरा पत्रा बसवला. डाव्या कोपऱ्यातलं एक रिबिट खोटं ठेवलं. ते दाबलं की वरचा पत्रा सरकायचा.

तारामतीनं त्या कप्प्यात सोनं ठेवलं नाही. झबल्याच्या चिंधीत गुंडाळलेला चांदीचा एक वाळा ठेवला. लेकीच्या पायातला. जोडीतला दुसरा सापडलाच नव्हता. तिनं पत्रा सरकवला, वर साड्या रचल्या आणि तो कप्पा पुन्हा कधी उघडला नाही. पुढे नव्या गावात घर झालं, ऋतुजा जन्मली, मोठी झाली. ऋतुजालासुद्धा तिनं वाळ्याबद्दल काही सांगितलं नाही. मला मात्र पंचमीला पुसून घ्यायची, तेल लावायची. मी खुशीत होते.

तिच्या नणंदेचा एक मुलगा होता, सत्यम. लहानपणी लपंडाव खेळताना तो माझ्या आत शिरून बसायचा. एकदा त्याचा अंगठा त्या खोट्या रिबिटावर पडला आणि पत्रा हलला. तारामतीनं त्याच्या थोबाडीत दिली. तिनं कुणावर हात उगारलेला मी तेवढाच पाहिला. पोरगं ती थप्पड विसरलं असेल, पण रिबिट विसरलं नाही.

ऋतुजा दहावी झाली तोवर लातूरमध्ये क्लासचं पेव फुटलं होतं. भिंत दिसली की तिच्यावर डॉक्टर होणाऱ्या मुलांचे हसरे फोटो. खेड्यापाड्यातल्या आया भाड्याची खोली घेऊन मुलांसाठी स्वयंपाक करत तिथे राहायच्या. तारामतीही मला घेऊन आली. सत्यम तेव्हा क्लासला पोरं आणून देण्याचं काम करायचा. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल आणि तोंडात सारखं "मामी, मामी." गोड बोलणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत, पण पेटीच्या आवडीनिवडी विचारतो कोण?

आता आमच्या बायकांची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. गावाकडून एसटीनं लातूरला येणारी बाई कधी एकटीचं सामान आणत नाही. शेजारणीच्या लेकाचं लोणचं, जावेच्या भाच्याची गोधडी, सरपंचाच्या नातीचा डबा, सगळं तिच्याच पायाशी. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, हे कोणाचं?" की तिचं उत्तर ठरलेलं, "माझंच हाय." दुसऱ्याचं म्हटलं की तो कटकट करतो. तारामतीनं असं किती डब्यांना आपलं म्हटलं असेल याची गणती नाही. त्यात खोटेपणा आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

सत्यमनं मला उसनं नेलं. पोरांची पुस्तकं ठेवायला, म्हणाला. भाच्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तारामतीनं साड्या काढून मला दिलं, कप्प्याला मात्र हात लावला नाही. नांदेडला त्याच्या खोलीत त्यानं माझ्या कपाळावरचे तेलाचे डाग पुसले नाहीत की आतलं झाडलं नाही. सरळ रिबिट दाबलं. विटांसारख्या चपट्या पुड्या त्यानं कप्प्यात कोंबल्या. गांजा, मित्रांनो. ओलसर, कुबट, डोक्यात जाणारा तो वास. चिंधीतला वाळा एका कोपऱ्यात, पत्र्याच्या दुमडीत चेपला गेला. मला ओकता आलं असतं तर मी तिथेच ओकले असते. वर त्यानं पुस्तकं रचली.

तारामती कंधारला माहेरी गेली होती. येताना सत्यमनं तिला मुद्दाम नांदेडहून बस धरायला सांगितली, आणि तिथे तो मला घेऊन हजर. "मामी, तुमची पेटी. आतली पुस्तकं घ्यायला लातूरच्या स्टँडवर पोरगा येईल." त्यानं मला स्वतः सीटखाली सरकवलं आणि मामीच्या पाया पडला. मला अजून ते वाकणं आठवलं की अंगावर काटा येतो.

अहमदपूरच्या अलीकडे पोलिसांनी बस थांबवली. त्यांना खबर होती. "पेटी कोणाची?"

"माझीच हाय," तारामती म्हणाली.

पोलिसांनी तळाचा पत्रा उचकटला.

इतर गुन्ह्यांत सरकारला सगळं सिद्ध करावं लागतं. गांजाच्या कायद्याची तऱ्हा वेगळी. माल तुमच्या ताब्यात सापडला की तो तुम्हाला माहीत होता असंच कोर्ट धरून चालतं, आणि माहीत नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं. माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही, हे तो दाखवणार कसं? मनाला काही कडीकोयंडा नसतो उघडून दाखवायला. तारामती भाच्याचं नाव सांगत राहिली. भाचा साक्षीला येऊन म्हणाला, "पेटी मामीचीच. मी कधी हात लावला न्हाई." ती जामिनाविना तुरुंगात बसली. ऋतुजाची परीक्षा आली आणि गेली. ऋतुजा परीक्षेला बसली नाही, ती आईच्या भेटीच्या रांगेत उभी होती.

तारामतीची वकील होती बुशरा, हुशार आणि तरुण. सरकारी वकील सारखं म्हणत होते की चोरकप्पा आहे म्हणजे बाई मुरलेली आहे. म्हणून बुशराने थकलेल्या जिलानीचाचांना कंधारहून बोलावलं.

चाचा म्हणाले, "साहेब, भूकंपानंतर असले कप्पे मी लई बायकांना करून दिले. त्या चोर न्हाईत."

बुशराच्या चेहऱ्यावर उजेड आला. तेवढ्यात सरकारी वकिलांनी विचारलं, "मग आरोपीला हा कप्पा माहीत होता?"

"हाव, साहेब. तिच्यासाठीच तर केला."

बुशराने डोळे मिटले. खरं बोलणाऱ्या माणसानं खऱ्या बाईला बुडवलं होतं. सरकारी वकील हसले, आणि त्या हसण्याचा मला वीट आला.

न्यायाधीशांनी मला समोर आणायला सांगितलं. कप्पा कसा केलाय ते त्यांना बघायचं होतं. वाकलेला पत्रा चाचांनी उचलला. इतक्या महिन्यांनीही वास भसकन बाहेर आला, समोरच्या बाकावरच्यांनी नाकाला रुमाल लावले. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून तारामती बोलली.

"चाचा, कोपऱ्यात बघा ना. वाळा हाय का?"

कोर्टात कुणाला काही कळेना. चाचांनी दुमडीत बोट घातलं आणि एक काळपट चिंधी ओढून काढली. न्यायाधीशांनी ती तिच्या हातात द्यायला सांगितली. तिनं ती उलगडली. वाळ्याला गांजाचा चुरा चिकटला होता. तिनं वास घेतला आणि ती पिंजऱ्याची कड धरून कोरडे उमासे काढत राहिली.

"हे काय आहे, बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्या थोरल्या लेकीचा हाय. भूकंपात गेली." तिला धाप लागली होती. "ठिवल्यापासून कप्पा उघडलाच न्हाई, साहेब. बघवतच नव्हतं. ह्या घाणीत ठिवलं हो कुणी माझ्या लेकराला. जरा पाणी मिळंल का, धुवायला?"

शिपायानं तांब्या आणला. सगळं कोर्ट बसून होतं आणि तारामती ओंजळीत वाळा धूत होती.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की आरोपीला कप्पा माहीत होता, माल माहीत नव्हता. ज्या जागेकडे बघायची तिची हिंमत नव्हती, त्या जागेत ती गांजा भरणार नाही. तिला सोडलं. सत्यम तोवर पसार झाला होता. कुठल्या तरी दुसऱ्या शहरात दुसऱ्या क्लासची पत्रकं वाटत असेल, आणखी एखाद्या मामीच्या पाया पडत असेल.

सुटल्यावर तारामती ऋतुजाबरोबर या खोलीपर्यंत आली. मी आनंदले. कारकुनानं माझ्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "पेटी न्यायची ना, मावशी? तुमचीच आहे ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाळा तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "माझी न्हाई."

मला राग आला नाही. मीही माझ्यात परत राहिले नसते.

मित्रांनो, कुणी तुमची पेटी उसनी मागितली तर जरूर द्या, पण परत आली की तळापर्यंत उघडून बघा. आणि कुणाची पेटी उसनी नेलीत तर जपून हाताळा. ती रिकामी दिसली, तरी तिच्या तळाशी कुणाचं तरी लेकरू ठेवलेलं असू शकतं.