कावीळ म्हणून सांगितलेलं दुखणं

वत्सलेनं फोनवर ‘कावीळ’ म्हटलं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

हॉस्पिटलच्या दारात उभी होती ती. आत सतरा वर्षांची हरिता सलाईन लावून पडलेली. डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं की पोरगी बारीक होण्यापायी जेवण टाळत आलीय, आणि आता तो नुसता हट्ट राहिलेला नाही, मनाचा आजार झालाय. नाडी मंद, पाळी बंद, केस मूठमूठ गळताहेत, हृदयावर ताण आलाय. हे ऐकून वत्सला बाहेर येते तोच पापनाशम गावाहून भामाअत्त्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन. “काय झालं गे पोरीस?”

काय सांगणार? तमिळ मुलखातल्या त्या राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत कुणाकडे कार्य असलं की सांबार रांधायला वत्सलेला बोलावणं यायचं. तिच्याच घरची पोर उपाशी? आईनं घातलं नाही म्हणतील. डोकं फिरलंय म्हणतील, आणि लग्नाच्या वेळी नेमकं तेवढंच लोकांच्या लक्षात राहील. जीभ आपसूक वळली. “कावीळ हो, वन्सं.”

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा खायचं, आणि हळूहळू वाढवायचं. भात, तूप, दही, काहीच वर्ज्य नाही. ताट संपेपर्यंत आईबापांपैकी कुणीतरी समोर बसायचं. ओरडायचं नाही आणि सोडायचंही नाही. दर आठवड्याला वजन, रक्ततपासणी, आणि मानसोपचाराच्या बाईंशी बोलणं. “सध्या अन्न हेच तिचं औषध,” त्या म्हणाल्या होत्या.

पण कावीळ म्हटल्यावर आमच्या गल्ल्यांत प्रत्येक जण वैद्य होतो. घरी आल्याच्या दुसऱ्याच सकाळी शेजारणी ताकात वाटलेल्या कीळानेल्लीच्या, म्हणजे भुईआवळ्याच्या, पाल्याचे पेले घेऊन दारात हजर. पाठोपाठ त्याच पाल्याची पिशवी भरून भामाअत्त्या आल्या आणि त्यांनी पदर खोचून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तूप बंद, तेल बंद, मीठ बंद. पोरीला फक्त पातळ कंजी, म्हणजे तांदळाची पेज.

हरिताला आयतंच फावलं. भातावरच्या चमचाभर तुपावरून आईशी भांडणारी पोर अत्त्यापुढं कंजीचा वाडगा घेऊन गुमान बसायची, दोन घोट घ्यायची आणि म्हणायची, “पुरे, अत्त्या.” अत्त्यांना केवढं कौतुक! “पथ्याला किती बेष आहे पोर!” हरिता तेव्हा आईकडे बघायची. त्या बघण्यात सगळं होतं. मी तोंड उघडणार नाही, आणि तुझीही उघडायची छाती नाही.

खरंच नव्हती. “सांगून टाक ना अक्कास,” नवरा, साईराम, म्हणाला. “बहीण तुमची, तुम्हींच सांगा,” वत्सला फणकारली. त्यानं पेपर तोंडापुढं धरला आणि विषय संपला.

मग तिनं चोरून भरवायचा घाट घातला. अत्त्या देवळात गेल्याचं बघून मागच्या खोलीचं दार लावलं आणि तूपभाताचं ताट हरितापुढं ठेवलं. अत्त्या विसरलेली फुलं न्यायला परततील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पावलं ऐकताच हरितानं “अत्त्या!” म्हणून हाक मारली. दार उघडलं. अत्त्यांनी तूप पाहिलं. “आई कीं वैरीण गे तूं? मारतेस पोरीस?” स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीला जेवू घालताना पकडली गेली बिचारी. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी खरं काही तोंडातून निघेना.

शुक्रवारी सकाळी हरिताला तपासणीला नेलं तर वजन आणखी उतरलेलं, पायांचे तळवे गार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरी खाणं अडवतंय कोण?” साईराम वरच्या पंख्याकडे बघत बसला. वत्सलेनं मान खाली घालून काविळीची सगळी हकीकत सांगितली.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. “हा आजार तुमच्यामुळं झाला नाही, तिनंही मुद्दाम ओढवून घेतला नाही,” त्या म्हणाल्या. “पण ती आणखी खाली गेली तर पुन्हा भरती करावं लागेल. दर वेळी हृदय टिकेलच, असं मला सांगता यायचं नाही. घरात आजच्या आज सांगा.”

आजार तुमच्यामुळं नाही, ठीक. पण या आठवड्याची उपासमार? ती कुणामुळं? हे कुणी विचारलं नाही. वाटभर वत्सला तेच स्वतःला विचारत राहिली आणि तिला रडूही येईना.

दुपारी गल्लीतल्या चौघी बायका आजाऱ्याला बघायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत वत्सलेनं भात वाढला, वर सांबार घातलं, तूप सोडलं आणि ताट हरितापुढं ठेवलं. अत्त्यांनी वत्सलेचं मनगट धरलं.

“वन्सं, कावीळ नाही,” वत्सला म्हणाली. “लटकं बोललें मी. हरिता जेवत नाही, हाच आजार. मनाचा आहे. मज लाज वाटली म्हणून लपवलें.”

 चौघींतली एक हळूच म्हणाली, “घरीं वाढत नव्हतीस काय गे?” हेच ऐकायला लागू नये म्हणून तर सगळा खटाटोप केला होता.

अत्त्यांची मनगटावरची बोटं एकेक करून सुटली. “म्हणजे मी,” त्या म्हणाल्या, “मी माझ्या हातानं उपाशी ठेवलें हिला?” त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. चांगली धडधाकट बाई, पण तेवढ्यात म्हातारी दिसायला लागली. वत्सलेला त्यांच्याकडे बघवेना.

हरिताचा चेहरा पांढराफटक पडला होता. राग आला की ती तमिळमध्ये बोलायची, आज मात्र मराठीतच ओरडली, “अस्क्यांपुढं, सगळ्या गल्लीपुढं सांगितलंस! लाज नाही तुज, अम्मा?”

“आहे,” वत्सला म्हणाली आणि ताटासमोर मांडी घालून बसली. “पुष्कळ आहे. तूं जेव.”