चार बोटे अलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी चेतापेशी आहे. मला रंग लावून, दोन काचांमध्ये चिकटवून इस्पितळाच्या एका खणात ठेवले आहे. इथे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण एकदा अख्खे ऑपरेशन थिएटर माझ्यासाठी ताटकळले होते!

आमचे मूळ बाळाच्या मानेजवळचे, पाठीच्या कण्याच्या काठावरचे. माझी खापरपणजी तिथून निघून आतड्यात शिरली तेव्हा आईच्या पोटातले बाळ जेमतेम मसुराएवढे होते. मी वाटेतच जन्मले. चालता चालता एकीच्या दोन व्हायचे, आतड्याच्या शेवटापर्यंत पोचायचे आणि त्याला आतले सगळे पुढे ढकलायला लावायचे, हे आमचे काम. पण आतडे मोठे नाठाळ, आम्ही चालत असताना तेही लांबत होते! अखेर आम्ही संख्येने कमी पडलो. तिळाएवढी वाट राहून गेली. बाळाबरोबर तीही वाढली आणि चार बोटे झाली.

बाळ जन्मले. दूध प्यायले, पण शी होईना. पोट टम्म फुगले.

"होईल गं, आमच्या घरात सगळेच निवांत!" आत्या म्हणाली. सगळे हसले.

दुपारच्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "ताई, परवा सकाळचं बाळ ना हे? एकदाही शी नाही?"

"नाही हो. काही वाईट आहे का?" आईने विचारले.

सिस्टरांनी तडक डॉक्टरांना बोलावले.

आम्ही पोचलो नव्हतो तो भाग आवळून बसला होता. तो काढून वरचे चांगले आतडे खाली जोडायचे होते. पण चांगले कुठून सुरू होते, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ऑपरेशन चालू असतानाच सर्जननी आतड्याचा एक कण तपासायला धाडला, तो रिकामा निघाला, त्यात आमच्यातली एकही नव्हती. थोडा वरचा धाडला, तोही रिकामा. तिसऱ्या कणात मी होते. मायक्रोस्कोपवरच्या मॅडम फोनवर ओरडल्याच, "आहेत! भरपूर आहेत! इथे जोडा."

मला परत जाता आले नाही. बाळापाशी माझ्या बहिणी राहिल्या.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सिस्टर धावतच आल्या. "मॅडम, झाली! आत्याबाईंच्या मांडीवरच! त्या रडतायत, पण बाळाला खाली ठेवायला तयार नाहीत."

मला फार फार बरे वाटले.

मित्रांनो, तान्ह्या बाळाचे पोट फुगले आणि शी झाली नाही, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला बोलता येत नाही. आणि जिथे आम्ही पोचलोच नाही, तिथून हाक तरी कोण मारणार?