तिसऱ्या कॅमेऱ्यातला गुडघा

फुटबॉल खेळायची तेव्हा तिला सगळे भिंगरी म्हणत. उजव्या बाजूने बॉल घेऊन निघाली, की समोरच्या पोरीला कळायच्या आत वळलेली असायची. मग एका सामन्यात ती वळली आणि पाय मात्र जागच्या जागीच राहिला. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. चालायला लागली, जिने चढायला लागली, पण पुन्हा मैदानात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तिला रडताना कुणी पाहिलं नाही. आईला त्याचीच काळजी वाटे. रडली असती तर बरं झालं असतं, असं ती मावशीला फोनवर सांगायची. भिंगरी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकायची आणि तिला वाटायचं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

क्रीडा प्रक्षेपणाच्या कोर्सची कल्पना बाबांची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एक वायर गेली तर दुसऱ्या वायरने काम भागवता येतं, यावर त्यांची श्रद्धा होती. पायाने नाही तर तोंडाने खेळ, म्हणाले. मावशीने लगेच टोमणा मारला, की दुधाची तहान ताकावर भागवायला निघालात. भिंगरीला हो म्हणायचं नव्हतं आणि नाहीही म्हणायचं नव्हतं. ती कॉलेजात गेली.

कॉलेजचा स्टुडिओ तळघरात होता. भिंतींना करड्या फोमचे चौकोन चिकटवलेले, त्यातले दोन-तीन कायम सुटून लोंबत असायचे. टीव्हीवर आवाज बंद करून जुने सामने लावायचे आणि त्यावर विद्यार्थ्यांनी कॉमेंट्री करायची. शिकवणारे सर एकेकाळी रेडिओवर होते. गोल झाला की आधी आवाज वर गेला पाहिजे, शब्द मागून आले तरी चालतील, हे त्यांचं पहिलं सूत्र. भिंगरीचा आवाज वर जात नसे. कुणी कुणाला पास दिला, कोण कुठे मोकळी होती, हे ती एकही चूक न करता सांगायची, पण गाडी फलाटावर येत असल्याची घोषणा करावी तशी.

"बाई, गोल झालाय," सर एकदा म्हणाले. "बातमी चांगली आहे."

वर्ग हसला. सगळे हसतायत म्हणून तीही हसली. तिच्या शेजारी बसणारा मुलगा नुसत्या थ्रो-इनवरसुद्धा खुर्चीतून उठायचा. त्याला सगळे पोपट म्हणत आणि त्याला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी सरांनी तिला बाजूला बोलावलं. प्रक्षेपणाच्या गाडीत रिप्लेचं एक टेबल असतं. सगळे कॅमेरे जे टिपतात, ते त्या टेबलावर साठत जातं. तिथल्या माणसाने नेमका क्षण शोधायचा, मागे न्यायचा, संथ करायचा आणि डायरेक्टरने मागितला की द्यायचा. गोल झाला की बाकीचे उड्या मारतात आणि तेवढ्यात क्षण निसटतो. तिथे न उडणारं माणूस लागतं, असं सर जरा चाचरतच म्हणाले, आपण पोरीला घालूनपाडून तर बोलत नाही ना, अशा आवाजात. तिला काहीच लागलं नाही. तिने विचारलं, कधीपासून बसू.

तिचा हात तिथे लगेच बसला. कोण कुणाच्या अंगावर जाणार, कुठली पोर घसरणार, हे तिला आधीच दिसायचं.

शेवटच्या वर्षी शहरातल्या महिला लीगचा एक सामना स्थानिक चॅनेलवर दाखवायचं काम विद्यार्थ्यांना मिळालं. प्रात्यक्षिकाचे गुण त्यावरच होते. बाबांनी मजल्यावरच्या सगळ्यांना टीव्ही लावायला सांगितलं. पोरगी दिसणार नाही आणि बोलणारही नाही, मग बघायचं काय, असं शेजाऱ्यांनी विचारलं. जे पुन्हा दिसेल ते तिनेच दाखवलेलं समजा, असं बाबांनी त्यांना समजावलं.

गाडी मैदानामागे उभी होती. आतली मशिनं तापू नयेत म्हणून एवढा गारठा ठेवलेला, की सगळे स्वेटर घालून बसलेले. डायरेक्टर मॅडम चॅनेलकडून आल्या होत्या. उत्तरार्धात पाहुण्या संघाची नऊ नंबर हेडरसाठी उंच उडाली आणि खाली आली ती एका पायावर. गुडघा आत गेला. गाडीत मैदानाचा आवाज बारीक येत होता. कॉमेंट्रीला बसलेल्या पोपटचं बोलणं मध्येच तुटलं आणि पुढे काही आलंच नाही.

"कुठल्या कॅमेऱ्यात आहे?" मॅडमनी विचारलं.

"तीन," भिंगरी म्हणाली. "तयार आहे."

"दे."

तिसरा कॅमेरा गोलपोस्टजवळ, जमिनीलगत होता. त्यात सगळं स्वच्छ आलं होतं. तिने ते दिलं. मॅडमनी अजून जवळून आणि अजून सावकाश मागितलं, तेही दिलं. मग स्ट्रेचर आलं आणि मॅडम पुढच्या कॅमेऱ्यावर गेल्या.

सामना संपल्यावर मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. डोकं थंड आहे, लेखी परीक्षा झाली की फोन कर, म्हणाल्या. सरांनी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. पोपट बाहेर केबलच्या भेंडोळ्यावर बसून होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

घरी टीव्ही बंद होता. बाबा उगाचच रिमोटचे सेल काढून घालत होते. आईने ताट वाढलं आणि समोर बसली.

"ते तू दाखवलंस?"

"हो."

"दोनदा?"

"दोनदा मागितलं."

आईने आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तुझंही असंच दाखवत होते. टीव्हीवर ते लागलं की मी उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहायचे."

हे तिला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिने मान डोलावली आणि जेवायला लागली. तिला भूक लागली होती. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा आई तिच्याकडे बघत राहिली.

पुढचे काही दिवस ती वाट बघत होती, की आता आपल्याला वाईट वाटेल. शिंक नाकाशी येऊन अडकावी, तसं व्हायचं आणि जायचं. शनिवारी दुपारी काही काम नव्हतं, म्हणून ती हॉस्पिटलमध्ये गेली.

नऊ नंबर खिडकीजवळच्या पलंगावर पाय उंच करून द्राक्षं खात होती. तिने भिंगरीला ओळखलं. एका सामन्यात भिंगरीने तिला पार दमवलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. भिंगरी खुर्ची ओढून बसली आणि रिप्ले आपणच दिला, हे सांगून टाकलं.

नऊ नंबरने द्राक्ष तोंडात टाकलं, पण चावलं नाही.

"आहे तुझ्याकडे?"

"फोनवर आहे."

"दाखव. अख्ख्या गावाने बघितलंय, मी सोडून. आईला विचारलं तर ती विषय बदलते. कोच नुसती मान हलवतात. माझं काय चुकलं, ते तरी कळू दे."

भिंगरीने फोन दोघींना दिसेल असा धरला. नऊ नंबरने एकदा पूर्ण पाहिलं. दुसऱ्यांदा मध्येच थांबवायला लावलं.

"इथे. मी बॉलकडे बघतेय. जमिनीकडे लक्षच नाही."

"लक्ष असतं तरी झालं असतं. समोरच्या पोरीचा खांदा लागलाय तुला, हवेत. हा बघ. तू तिथेच तिरकी झालीस."

"म्हणजे माझी चूक नाही?"

भिंगरीने ते चित्र पुन्हा नीट पाहिलं.

"नाही."

तेव्हा नऊ नंबर रडायला लागली, लहान पोरासारखी, भोकाड पसरून. द्राक्षांचा वाडगा मांडीवरून घसरला, तो भिंगरीने पकडला. पुढे काय करायचं तिला सुचेना, म्हणून ती वाडगा धरूनच बसली.

बऱ्याच वेळाने नाक पुसत नऊ नंबरने विचारलं, "तुला किती दिवस लागले?"

"चालायला?"

"बरं वाटायला."

"ते अजून माहीत नाही," भिंगरी म्हणाली.

परीक्षा झाल्यावर तिने मॅडमना फोन केला आणि तिला नोकरी लागली. आता शनिवार-रविवार ती गाडीत असते. मधल्या वारी सुट्टी असली, की नऊ नंबरच्या हॉस्पिटलातल्या व्यायामाला सोबत जाते. एकदा दोघी लांबलचक कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत गेल्या. नऊ नंबर दमली आणि बाकावर बसली. भिंगरीही तिच्याशेजारी बसली आणि तिने हळूच आपला पाय लांब केला.

"दुखतोय?" नऊ नंबरने विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली. "जरा दुखतोय."