दोनशे चौदामधला पाहुणा

दोनशे चौदामधल्या माणसानं दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं, डोळे बारीक करून बोटाकडे पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला डिग्नानं आपली ढकलगाडी थांबवली. चाकात काहीतरी अडकल्यासारखं करत ती वाकली आणि वाकूनच पाहत राहिली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मग तो जिन्यापाशी गेला आणि कठडा धरून हलवून पाहिला. कठडा हलला. त्यानं तेही लिहिलं.

तो आत गेल्यावर डिग्ना गाडी तिथंच सोडून कपड्यांच्या खोलीत आली. योकास्ता उशांना अभ्रे चढवत होती.

"कोमाद्रे, हा माणूस सुट्टीवर आलेला नाही."

"मग काय लग्नाला आलाय?"

"चेष्टा करू नकोस. बिजागरीवरची धूळ बघत होता. वहीत लिहून घेतली."

योकास्ताचे हात क्षणभर थांबले. "धूळ होती?"

"मी पुसते तिथं धूळ असेल?" डिग्ना म्हणाली. पण बिजागऱ्या शेवटच्या कधी पुसल्या होत्या ते तिला आठवेना.

दोघी सोळा वर्षं या हॉटेलात होत्या. डिग्नाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी योकास्तानं हातात धरलं होतं, तेव्हापासून त्या एकमेकींना नावानं हाक मारत नसत. कोमाद्रे म्हणजे बहिणीपेक्षा वरचं नातं. बहीण नशिबानं मिळते, कोमाद्रे आपण निवडतो.

सप्टेंबर चालू होता. वादळांच्या दिवसांत किनाऱ्यावर येतं कोण? ज्यांना स्वस्तात समुद्र बघायचाय ते. लाटांबरोबर येऊन कुजलेल्या शेवाळाचा वास पार जेवणघरापर्यंत पोचत होता. विजेची बचत म्हणून लिफ्ट बंद, तळमजल्याच्या खोल्यांना ओल आलेली, तिसऱ्या मजल्याला कुलूप. दुसऱ्या मजल्यावर सहा खोल्या भरलेल्या, आणि त्या सहा खोल्यांसाठी साफसफाईच्या आठ बायका. एवढ्या कशाला, हा हिशेब मॅनेजर पोलांकोनं अजून तोंडावर बोलून दाखवला नव्हता. पण ऑक्टोबरच्या आधी कामावरून काढायच्यांची यादी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी मोठ्या टोपीची एक बाई आठवडाभर राहून गेली, सगळ्यांशी गोड बोलली. ती गेल्यावर अकरा जणांना घरी बसवलं. ती राजधानीतून कंपनीनं पाठवलेली होती म्हणे.

"तीन दिवसांत एक बियर," दुपारी बारवाला विल्फ्रिडो म्हणाला. "दारू फुकट असून जो पीत नाही, तो एक तर पाद्री नाहीतर पगारी."

"कॅनडाचा आहे ना?"

"पासपोर्ट कॅनडाचा. पगार कुणाचा ते बघा."

तेव्हापासून दोनशे चौदामध्ये रोज नव्या चादरी गेल्या. विल्फ्रिडोनं त्याच्यासाठी तळलेल्या सलामीचे सगळ्यांत खरपूस काप बाजूला काढून ठेवले. स्वतः पोलांको सकाळी त्याच्या टेबलापाशी जाऊन झोप कशी लागली ते विचारू लागला. तो साठीचा, रुंद खांद्यांचा, लाल मानेचा माणूस प्रत्येक वेळी खुर्चीतून अर्धा उठून आभार मानायचा. त्याचं नाव ऑर्व्हिल. त्याला स्पॅनिश येत होतं, पण मोडकंतोडकं. ते मोडकेपणही डिग्नाला खरं वाटेना.

सगळ्यांत जास्त भीती तिलाच होती. जूनमध्ये जिन्यावरून घसरून तिचा उजवा गुडघा दुखावला होता, तो अजून सुजायचा. पोलांकोला याचा पत्ता नव्हता. खालून चादरी आणायच्या झाल्या की योकास्ता जायची, आणि तेवढ्या वेळात डिग्ना दोनशे एकोणीसच्या रिकाम्या खोलीत पलंगावर पाय पसरून दहा मिनिटं पडायची. हे जगात फक्त योकास्ताला माहीत होतं.

बुधवारी सकाळी ती त्या खोलीतून बाहेर आली तेव्हा योकास्ताची गाडी दोनशे चौदाच्या दाराशी होती. दार अर्धवट उघडं. आत योकास्ता खुर्चीच्या काठावर बसली होती. पाहुण्याच्या खोलीत खुर्चीवर बसायचं नाही, हा पहिला नियम. ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत लिहीत होता. मग दोघं हसले.

डिग्ना गुपचूप मागे सरकली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दोनशे चौदात वेळ लागला आज तुला."

"टॉवेल मागत होता." योकास्तानं भाताच्या भांड्याच्या तळाला लागलेली खरपूस खरपुडी खरवडली आणि नेहमीसारखी अर्धी डिग्नाच्या ताटात टाकली. "खा. आज छान लागलीय."

डिग्नानं खाल्ली. पण गाडीवरचे टॉवेल तिनं स्वतः रचले होते. एकही कमी झाला नव्हता.

दिवसभर तिचं मन तिथंच घोटाळत राहिलं. हसण्यासारखं काय होतं? चारच बायका ठेवणार असतील, तर लंगडणारी पहिली जाणार. ते त्याला कळायला कुणीतरी सांगायला हवं. घरी मुलीनं नर्सिंगच्या पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "आई, योकास्ता गोदमाय येणार आहे ना रविवारी?" डिग्ना म्हणाली, "बघू." आणि चुलीवरच्या पातेल्यात काही नसताना झाकण उचलून पाहिलं.

गुरुवारी पाऊस धरून होता. पाहुणा बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करड्या समुद्राकडे पाहत होता. योकास्ता चादरी आणायला खाली गेली तशी डिग्ना दोनशे चौदात शिरली. तिनं पलंग नीट केला, उशी दोनदा थोपटली, आणि मग बाल्कनीच्या दारात उभी राहिली.

"सेन्योर, एक सांगायचं होतं."

तो अर्धा उठला. "हो, हो. बसा."

ती बसली नाही. "माझ्यासोबत काम करते ना, योकास्ता. ती इथल्या वस्तू घरी नेते."

"नेते?" त्यानं वही काढली.

वही पाहूनही तिचे शब्द थांबले नाहीत. "जुन्या चादरी. जेवणघरातला पाव. परवा दुधाचा डबा. बॅगेत खाली ठेवते, वर छत्री."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. एकेक शब्द जुळवत विचारलं, "चादर. पाव. दूध. का?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. गेल्या वर्षीच्या टोपीवालीनं 'का?' असं कधी विचारलं नसतं. पावसाचे थेंब कठड्यावरून आत उडत होते. डिग्नानं एप्रनला हात पुसले.

"तिची आई," ती म्हणाली. "आई अंथरुणावर असते. दोन वर्षं. रोज चादर ओली होते."

"आई," तो म्हणाला. "अंथरुणावर." त्यानं लिहिलं. मग तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच मान हलवली. "तुम्ही चांगलं केलं. मला सांगितलं."

डिग्ना बाहेर आली. योकास्ता जिन्यावरून धापा टाकत चादरींचा गठ्ठा घेऊन येत होती. "अगं, तू का उभी? जा, पड जरा. तुझा चेहरा बघ कसा झालाय."

शुक्रवार गेला. शनिवार गेला. पोलांकोनं कुणालाच बोलावलं नाही. पाहुणा योकास्ता दिसली की टोपी काढायचा, आणि डिग्ना दिसली की तिच्या पायांकडे पाहून मान लववायचा. पायांकडे का? शनिवारी संध्याकाळी तो मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून गावात गेला आणि मोठाल्या पिशव्या घेऊन परतला. विल्फ्रिडो म्हणाला, "पुरावे गोळा केले असतील." कुणी हसलं नाही. योकास्ताही नाही. ती त्या दिवशी घरी जाताना रिकामी बॅग घेऊन गेली. डिग्नानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, हिला स्वतःच्याच कर्माची भीती वाटतेय. रात्रभर दोन्ही विचार आलटून पालटून येत राहिले.

रविवारी अकरा वाजता विमानतळाची गाडी आली. डिग्ना त्या वेळी मुद्दाम वर थांबली. गाडी गेल्याचा आवाज ऐकून ती दोनशे चौदा आवरायला गेली. त्यानं पलंगावरच्या चादरी स्वतःच काढून चौकोनी घड्या घातल्या होत्या. न्हाणीघर पुसून कोरडं केलं होतं. उघड्या पलंगावर औषधाच्या दुकानाची पिशवी होती आणि तिच्यावर मोठ्या, शाळकरी अक्षरांत लिहिलं होतं, डिग्ना.

आत गुडघ्याला घालायचा जाड लवचिक पट्टा होता, मलमाची डबी होती, आणि वहीतून फाडलेला एक कागद. तिनं तो खिडकीपाशी नेऊन वाचला.

"डिग्ना बाई. गुडघा. माझा पण वाईट. मी शाळेत झाडू, चाळीस वर्ष. जिने पुष्कळ. पट्टा सकाळी घालणे, रात्री काढणे. मी पण घरी नेत होतो दूध, शाळेचं. कोणाला सांगू नका. बायको असती तर हसली असती. धन्यवाद."

डिग्ना पलंगाच्या काठावर बसली. पाहुण्याच्या खोलीत बसायचं नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. कंपनी नाही, राजधानी नाही. एक झाडूवाला स्वस्तात समुद्र बघायला आला होता. तिनं पट्टा हातात धरून ताणून पाहिला. गुडघा. या गुडघ्याबद्दल तिनं त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

दारात सावली पडली. योकास्ता होती. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एकीत नव्या कोऱ्या चादरी, अजून प्लास्टिकमध्येच, आणि अंथरुणाखाली घालायचं रबरी कापड. दुसरीत दुधाच्या भुकटीचे डबे.

"गाडीत चढता चढता दिलं," ती म्हणाली. "म्हणाला, आईसाठी."

"बरं झालं."

"वहीत काय होतं दाखवलं मला. नुसते शब्द. बिजागरी, कठडा, उशी. ज्याचं नाव येत नाही त्याचं चित्र काढायचा आणि मला विचारायचा." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "आईचं तू सांगितलंस त्याला."

हा प्रश्न नव्हता. डिग्नानं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली.

"बोलता बोलता निघालं," ती म्हणाली.

"हं."

योकास्तानं पिशव्या खाली ठेवल्या. तिची नजर डिग्नाच्या मांडीवरच्या पट्ट्यावर गेली आणि तिथंच राहिली. समुद्रावरून वारा आला, बाल्कनीचं दार आपटलं. दोघींपैकी कुणीही ते लावायला गेलं नाही.

"मापाचा आहे?" योकास्तानं विचारलं.

"वाटतोय."

"बोलता बोलता निघालं," योकास्ता म्हणाली.

डिग्नाला विचारायचं होतं, कधी? बुधवारी, हसत होतीस तेव्हा? की माझ्यानंतर? आणि कसं निघालं, काळजीनं की दुसऱ्या कशानं? पण हे विचारलं तर पुढचा प्रश्न योकास्ताचा असणार होता. तिनं मलमाची डबी उघडली, वास घेतला, झाकण लावलं.

तेवढ्यात ढकलगाडीवरचं वॉकीटॉकी खरखरलं. पोलांकोचा आवाज होता. सोळा माणसं येताहेत, आजच, दुसऱ्या हॉटेलात पाणी शिरल्यामुळे तिकडची इकडे पाठवली आहेत. तिसरा मजला उघडा. आणि डिसेंबरपर्यंत तिसऱ्या मजल्यावर कामाला कुणाला ठेवायचं तेही मला आजच बघायचंय.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तू थांब," योकास्ता म्हणाली. "मी जाते वर. तिकडे जिना उभा आहे, तुला नाही जमायचा."

"जा."

योकास्तानं बादली उचलली. दारापाशी वळून तिनं दुधाचा एक डबा पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला. "पोरीला दे. परीक्षा आहे ना तिची," ती म्हणाली आणि गेली.

तिची पावलं जिन्यावर चढत गेली. मध्येच थांबली. खालून पोलांकोही आला असावा, कारण त्याचा मोठा आवाज जिन्यात घुमला, "एकटीच? डिग्ना कुठाय?"

डिग्नानं कान दिला. योकास्तानं काहीतरी उत्तर दिलं, पण नेमकी तेव्हाच बादली खाली टेकली आणि तिच्या खणखणाटात शब्द बुडाले. मग पोलांकोचं "बरं, बरं," आणि पुन्हा पावलं.

डिग्नानं चप्पल काढली, पाय पलंगावर घेतला, पट्टा गुडघ्यावर चढवला आणि घट्ट ओढला. उभी राहून दोनदा वजन टाकून पाहिलं. कोपऱ्यातला झाडू घेऊन ती व्हरांड्यात आली आणि कठड्याला हात न लावता जिना चढू लागली.