कानातली सारंगी

अपेक्षा परब लिहायला बसली की सारंगी लावायची. गेली अकरा वर्षं एकच रेकॉर्डिंग: कुठल्याशा घरगुती मैफिलीत कोणी तरी टिपलेलं, वाजवणाऱ्याचं नाव नसलेलं. दोन कादंबऱ्या तिने तेच ऐकत लिहिल्या. आठवडाभर माझगावच्या शाळेत मराठी शिकवायचं आणि रविवारी सकाळी हेडफोन चढवून बसायचं. पहिल्या पाच मिनिटांत स्वयंपाकघर, वह्यांचे गठ्ठे, खालच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, सगळं लांब जायचं.

परळला चाळीच्या जागी टॉवर झाला आणि नवव्या मजल्यावर तिला नि वडिलांना दोन खोल्या मिळाल्या. वडील धोंडू परब, वय एक्याऐंशी, आधी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले, संप मोडल्यावर एका छापखान्यात रखवालदारी केलेली. पण चाळीतली जुनी माणसं त्यांना अजून मृदंगवाले परब म्हणूनच ओळखायची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ हितेंद्र डोंबिवलीला.

श्रावणातल्या एका रविवारी धोंडू न्हाणीघरात पाय घसरून पडले. अपेक्षा आतल्या खोलीत कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणावर होती. कानात सारंगी होती. शेजारच्या सुभद्राकाकीने न्हाणीघरांच्या डक्टमधून बादलीवर काही तरी आपटल्याचा आणि कण्हण्याचा आवाज ऐकला. तिने बेल वाजवली, दार ठोठावलं, मग फोन केला. फोन आला की सारंगी बंद पडायची. अपेक्षाने नाव बघितलं, वैतागून फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा काकी ओरडत होती, ‘‘अगं अपू, दार उघड! तुझा बाबा पडलाय!’’

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये आणि मग घरी, पलंग आणि वॉकर. हितेंद्र धावत आला तेव्हा त्याने पहिलं विचारलं, ‘‘ताई, तुला ऐकू कसं नाही आलं?’’

‘‘मिक्सर चालू होता,’’ ती म्हणाली. ‘‘चटणी वाटत होते.’’

ते वाक्य कसं तोंडून गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. पण एकदा गेलं ते गेलं. मग डॉक्टरांना, शाळेतल्या बायकांना, बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. सुभद्राकाकी एकदा समोर होती. ती कप उचलून आत घेऊन गेली.

त्यानंतर अपेक्षाने एक ओळही लिहिली नव्हती. वेळही नव्हता म्हणा. सकाळी वडिलांना पुसून काढायचं, फिजिओथेरपिस्ट येऊन गेला की त्यांचे पाय चोळायचे, दुपारची बाई आली की शाळेत पळायचं, आल्यावर पुन्हा तेच. पाठ इतकी दुखायची की फळ्यावर वरच्या ओळी लिहिणं तिने सोडून दिलं होतं.

अशात यतीन विजयकरचा फोन आला. ठाकूरद्वारहून तो एक दिवाळी अंक काढायचा. ‘‘अपेक्षाताई, यंदा परिसंवाद आहे, ‘लिहिताना आम्ही काय ऐकतो’. पाच कादंबरीकार. सहाशे शब्द फक्त. तुमची ती सारंगी तुम्ही मागे एका कार्यक्रमात सांगितली होतीत ना, तीच लिहा.’’

नाही म्हणायला चार वाक्यं लागली असती. हो म्हणायला एक शब्द लागला.

तीन आठवडे गेले. यतीनचे मेसेज येत राहिले. चौघांचे लेख आले होते. कोणी पहाटेचे राग ऐकत होतं, कोणी समुद्राचा आवाज, एक जण फक्त परदेशी पियानो. अपेक्षाने दोनदा फाइल उघडली. ‘सारंगी मला एकाग्र करते’ असं लिहिलं आणि पुसलं.

एका संध्याकाळी ती वडिलांच्या पलंगाशी बसून फोनवर यतीनला सांगत होती, ‘‘देते हो, दोन दिवसांत देते. सारंगीवरच लिहितेय.’’ फोन ठेवला तर धोंडू तिच्याकडे बघत होते.

‘‘त्या दिवशीय तीच होती मा कानात?’’ त्यांनी विचारलं.

तिने हातातला फोन पलंगावर उलटा ठेवला.

‘‘मिक्सर नव्हतो, माका म्हायत आसा. मिक्सराचो आवाज न्हाणीत येता.’’

‘‘बाबा, तुम्ही इतके दिवस बोलला का नाही?’’

‘‘काय बोलाचा? तू सांगलंस, ता सगळ्यांनी आयकला.’’ उशी वर करायला त्यांनी हाताने खुणावलं, तिने केली. ‘‘मी पाच-सहा हाका मारलंय. मगे गप रवलंय.’’

‘‘गप का?’’

‘‘तू लिवत होतंस. म्हटला, होयत तिचा, मगे येयत. अभंगात बसलेल्याक मधीच कोण उठवता? मगे दुखाक लागला भारी, तेव्हा तांब्यो आपटलंय.’’

अपेक्षा हुंदका देऊन रडली नाही. तेवढं त्राण नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि वाहत राहिलं, आणि तिने ते पुसलंही नाही. मग म्हणाली, ‘‘काकीचा फोन मी दोनदा कापला, बाबा. नाव बघून कापला.’’

‘‘बरा,’’ धोंडू म्हणाले. त्या ‘बरा’चा अर्थ तिला लागला नाही. माफ केलं असाही नव्हता आणि रागावले असाही नव्हता. मग ते म्हणाले, ‘‘आयकव बघू माका. काय आसा तरी काय तेच्यात.’’

तिने हेडफोन आणून त्यांच्या कानांवर बसवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. सवयीने उजव्या हाताची बोटं चादरीवर ठेका शोधू लागली, दोनदा सुरू झाली, दोनदा थांबली. मग ते हेडफोन घातलेलं माणूस बोलतं तसं मोठ्याने ओरडले, ‘‘गो, ह्येका ताल खंय?’’

‘‘आलाप आहे, बाबा. ताल नसतो.’’

त्यांना ऐकू गेलं नाही. सात-आठ मिनिटांनी त्यांनीच ते काढून ठेवले. ‘‘चांगलो वाजवता,’’ म्हणाले, ‘‘पण एकटोच बसलोहा.’’ आणि कुशीवर वळता येत नसल्यामुळे नुसती मान भिंतीकडे करून झोपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून अपेक्षाने सगळं लिहून काढलं. सारंगी, कापलेले फोन, चटणी, मिक्सर. तीनशेच शब्द झाले. पुन्हा न वाचता तिने यतीनला पाठवले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तो अवघडला होता. ‘‘ताई, फार थेट आहे हो. मला स्वतःला खूप लागलं. पण बाकीचे चार लेख हलकेफुलके आहेत, दिवाळीचा अंक... तुम्ही फक्त सारंगीबद्दलचा भाग ठेवला तर?’’

‘‘मग नका घेऊ.’’

‘‘रागावलात?’’

‘‘नाही यतीन. खरंच नाही. दमलेय फक्त.’’

परिसंवाद चौघांचाच छापून आला. अंक पोस्टाने घरी आला तेव्हा तिने तो चाळून सुभद्राकाकीला वाचायला दिला.

हितेंद्रला मात्र सांगायचं राहिलं होतं. भाऊबीजेला तो आला तेव्हा जेवणं होत आल्यावर तिने सांगितलं. तो ताटावरून उठला, हात धुतले, बूट घातले आणि निघून गेला. बारा दिवस त्याचा फोन नव्हता. त्यानंतरच्या रविवारी साडेआठला तो दारात उभा. हातात वडिलांसाठी केळी होती.

‘‘राग आहेच माझा,’’ आत येत तो म्हणाला. ‘‘पण मी गेल्या वर्षात इथे किती वेळा आलो ते मोजलं. सहा.’’ त्याने केळी टेबलावर ठेवली. ‘‘रविवारी एकपर्यंत मी बसतो बाबांजवळ. तू जा कुठेतरी. लिही, नाहीतर नुसती बस.’’

‘‘दर रविवारी?’’

‘‘जमेल तेवढे. वचन नाही देत.’’

ती दादरला एका जुन्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाऊ लागली. तिथे पंखे करकरायचे, परीक्षेची मुलं पानं उलटायची, कोणी तरी सतत खोकायचं. ती कानात काही घालत नसे. फोन उलटा न ठेवता समोर सरळ ठेवायची आणि दर थोड्या वेळाने त्याकडे बघायची. त्यामुळे लिहिणं तुटत जायचं. अडकलेलं शेवटचं प्रकरण तिने पुन्हा पहिल्यापासून काढलं होतं. पहिल्या रविवारी दोन ओळी झाल्या, दुसऱ्या रविवारी एकही नाही.

चौथ्या रविवारी वहीवर डोकं ठेवून तिला गाढ झोप लागली. ग्रंथपाल बकुळाबाईंनी खांद्याला हात लावून उठवलं. ‘‘मॅडम, बंद करायचंय. एक वाजत आला.’’

गालावर वहीच्या कडेचा वळ उमटला होता. झोप लागण्याआधी अकरा ओळी लिहून झाल्या होत्या. तिने उभ्यानेच त्या वाचल्या, चार खोडल्या, आणि वही पिशवीत घालून घरी निघाली.