मऊ उजेडातली आत्या

साहेब, एका जिवंत बाईला तुम्ही तिच्याच तोंडावर खोटं ठरवलंत. तेही हसतमुखानं. आता ऐका कसं ते.

फोटोग्राफरच्या आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेची तारीख सोमवारची, आणि ओळखपत्राशिवाय दवाखाना दारातही उभं करेना. म्हणून भाच्यानं स्वतःच तिचा फोटो काढला, साधा फ्लॅश मारून. तुमच्या ओळखपत्राच्या कचेरीत खिडकीतल्या मॅडमनी तो परत केला. कपाळ चमकतंय, नाकाखाली सावली आहे.

"नाक आहे म्हटल्यावर सावली पडणारच ना," फोटोग्राफर म्हणाला.

"नाकाला हरकत नाही. सावलीला आहे."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यानं कपडे वाळत घालायच्या दोन स्टँडवर दोन पांढऱ्या चादरी ताणल्या आणि चादरींच्या मागून फ्लॅश मारायचं ठरवलं. उजेड जितका मोठा आणि जितका जवळ तितका मऊ, हे त्याला ठाऊक होतं. पण रागावलेला माणूस हात आखडता घेत नाही. चादरी त्यानं पार आत्याच्या गालांना टेकवल्या, हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा धरायला लावला. फोटोत सावली औषधालाही उरली नाही. सुरकुत्याही नाहीत.

आत्यानं फोटो नाकाशी धरला. "ही कोण टवळी?"

"तूच."

"असेन. मला हल्ली सगळेच असे गुळगुळीत दिसतात. तूसुद्धा. म्हणून तर सहन होतोस."

फोटो मंजूर झाला. फोटो असा हवा, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. शुक्रवारी ओळखपत्र हातात द्यायच्या वेळी मात्र एकदा आत्याकडे पाहिलंत, एकदा फोटोकडे. "या त्या नव्हेत."

फोटोग्राफर तडक घरी गेला आणि चादरी, पुठ्ठा, फ्लॅश घेऊन आला. रांगेतल्या लोकांनी आत्याच्या दोन्ही बाजूंना चादरी धरल्या. एकानं पुठ्ठाही धरला. फ्लॅश उडाला.

"आता त्याच आहेत," तुम्ही म्हणालात. "आता नाहीत."

पुन्हा उडाला.

"आहेत. गेल्या."

"मग आहेत तेव्हाच द्या ना कार्ड."

"हात पुढे करेपर्यंत नसतात हो."

सोळा वेळा तुम्ही हात पुढे केलात आणि सोळा वेळा मागे घेतलात. आत्याचा हात मात्र पसरलेलाच होता. सतराव्याला फ्लॅशच्या बॅटरीनं मान टाकली, आणि तुम्ही खिडकी लावताना म्हणालात, "सोमवारी या."

सोमवारी तिला टेबलावर झोपायचंय, साहेब. फ्लॅश टिकतो सेकंदाचा हजारावा भाग, आणि तेवढ्यापुरतीच तुमच्या लेखी ती आत्या. मग उरलेला सगळा वेळ भाच्याच्या घरात जेवते, घोरते, उठताबसता त्याला शिव्या घालते, ती बाई कोण? उद्याच्या उद्या लेखी उत्तर द्या.